सकाळ आपली, संध्याकाळ गावाची

साऊंडवाल्याला गाण्याची आवड नसते असं लोक म्हणतात, आणि खरं सांगतो, ते बरोबर आहे. गणपती, नवरात्र, पर्युषण, उरूस, जयंत्या, हळदी, पुढाऱ्यांच्या सभा, दहाव्याचं कीर्तन, धुळ्यात कुठंही चार माणसं जमली की मिक्सरच्या मागं मी बसलेला असतो. गाणारा सुरात आहे की नाही हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. माइकनं शिट्टी मारली का, एवढंच मला ऐकू येतं. आमच्या मारवाड्यांच्या घरात पोरगं कापडाच्या दुकानात गादीवर बसायचं सोडून वायरी गुंडाळत फिरतंय, हे दुःख माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत उगाळलं. देवाधर्माचं म्हणाल तर मी आता कुणाचाच राहिलेलो नाही. सगळ्या देवांचे कार्यक्रम रोज बघून बघून माणसाचं काय होतं, ते हलवायाला विचारा. तो कधी पेढा खातो का?

तर असा मी, नरेश साऊंडवाला, आणि मला एका बाईंची गाणी पाठ आहेत. तीही चर्चमधली. त्या बाई म्हणजे एस्तेरअक्का.

अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. उंचीनं कमी, अंगानं भरलेल्या, चापूनचोपून नेसलेली साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चर्चमधल्या बायका नटूनथटून यायच्या आणि अक्का मात्र बुटांत. कुणी हसलं तर म्हणायच्या, "उभं राहायचं काम आहे बाई माझं. पायांशी भांडून कसं चालेल?" समोर आलेल्या माणसाशी हात मिळवायचा असला तरी त्यांची बोटं आपोआप मनगटावर जायची. 'काय नरेशभाऊ, बरा आहेस ना?' असं तोंडानं विचारायचं आणि उत्तर नाडीकडून घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. मला तर दोनदा म्हणाल्या, "बरा आहे म्हणतोस, पण नाडी काही वेगळंच सांगतेय. चहा कमी कर."

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी एका मंडळाच्या कार्यकर्त्याशी भांडत होतो. त्याला भिंती हादरायला हव्या होत्या. अक्का बाकावर बसल्या, भांडण संपेपर्यंत शांत ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला हादरवणारा आवाज नको. लहान मुलाला औषध पाजतो ना, तसा पाहिजे. थोडा थोडा, पण पोटात गेला पाहिजे." मी म्हटलं, ही बाई वेगळीच दिसते.

काम होतं नाताळच्या संध्याकाळचं. आता हे जरा समजावून सांगायला पाहिजे. पंचवीस डिसेंबरला सकाळी चर्चमध्ये त्यांची त्यांची उपासना असते, प्रार्थना, वचनं, पाळकसाहेबांचा उपदेश. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. आणि संध्याकाळी सगळं धुळं तिथं लोटतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा ख्रिस्ताशी काहीएक संबंध नसतो. पोरांना चांदण्या बघायच्या असतात, पोरींना गव्हाणीच्या देखाव्यापुढं फोटो काढायचे असतात, बायका दाराशी चपला काढून आत येतात, हात जोडतात आणि विचारतात, 'देव कुठं ठेवलाय?' केक वाटला की पाचव्या मिनिटाला चर्च रिकामं. चर्चच्या पंच कमिटीला या गर्दीचा वैताग होता. संध्याकाळी गेट बंद ठेवावं, असं बऱ्याच जणांचं मत होतं. अक्का एकट्या आडव्या आल्या. म्हणाल्या, "सकाळ आपली, संध्याकाळ गावाची. लोक आपल्या पायानं दारात येतात आणि आपण त्यांना केक देऊन घालवतो. गाणं तरी द्या."

त्या गायकवृंद चालवायच्या. पंधरावीस माणसं, एक हार्मोनियम, एक तबला, बस्स.

पहिल्याच वर्षी स्पीकर लावताना त्यांनी मला एक विचित्र गोष्ट सांगितली. दोन स्पीकर आत, आणि एक बाहेर, गेटकडं तोंड करून. मी म्हटलं, "अक्का, गेटवर कोण आहे ऐकायला? बदामाचं झाड?" त्या म्हणाल्या, "झाडाखाली कोण आहे ते बघून ये."

मी बघून आलो. झाडाखाली एक म्हातारा स्कूटरवर बसला होता. माकडटोपी, गळ्यात मफलर, हातात शेंगांची पुडी. शेंगा सोलत होता, टरफलं शिस्तीत दुसऱ्या खिशात टाकत होता.

"ते आमचे हे," अक्का म्हणाल्या. "तो स्पीकर त्यांच्यासाठी. ते आत येत नाहीत."

बाईनं काही लपवलं नाही. वायरी जोडता जोडता मला सगळं सांगून टाकलं, आणि पुढंही कुणी विचारलं तर अगदी सहज सांगायच्या. वसंतआबा साक्रीकडच्या शेतकरी घरातले, एसटीत कंडक्टर. अक्कांची पहिली नेमणूक साक्रीच्या बाजूला. रोजची तीच गाडी, रोजचं तेच तिकीट, आणि एक दिवस आबांनी तिकीट फाडायचं सोडून लग्नाचंच विचारलं. अक्का हो म्हणाल्या, पण लग्न चर्चमध्ये व्हावं एवढी त्यांची हौस होती. त्या वेळच्या पाळकांनी अट घातली, मुलानं आधी बाप्तिस्मा घ्यावा. आबा म्हणाले, मी हिला देव बदलायला सांगत नाही, मग मला का सांगता? पाळकांनी दार दाखवलं. लग्न रजिस्टर झालं. वर अक्कांना गायकवृंदातून काढलं, ते कितीतरी वर्षं परत घेतलं नाही. आबांच्या घरचे लोक पहिली मुलगी झाल्यावर रुसवा विसरले. चर्चवाल्यांनी मात्र वेळ लावला. पुढं ते पाळक गेले, नवे आले, अक्कांना मानानं परत बोलावलं. पण आबांनी जे ठरवलं ते ठरवलं. बायकोला दर रविवारी स्कूटरवर आणायचं, उपासना होईपर्यंत झाडाखाली थांबायचं, परत न्यायचं. आत यायचं नाही.

मी एकदा शहाणपणा करून त्यांना म्हटलं, "आबा, थंडी किती आहे. आत तर चला." आबा घरच्या अहिराणीत बोलायचे. म्हणाले, "ज्या दारनी माले बायको दिन्ही नही, त्या दारमा मी कसाले पाय ठेवू?" आणि मला चार शेंगा दिल्या. माणूस कडू नव्हता. त्याच्या दृष्टीनं विषय संपलेला होता.

अक्कांच्या दृष्टीनं तो संपलेला नव्हता. संध्याकाळचं सगळं प्रकरण, गावाला गाणं देणं वगैरे, त्यांनी मनापासूनच मांडलं होतं, त्यात खोट नव्हती. पण मला त्यांनीच सांगितलं, "नरेशभाऊ, काहीही न बदलता माणसाला आत येता आलं पाहिजे, एवढंच मला करून दाखवायचंय. सगळं गाव आलं आणि हे एकटे बाहेर राहिले तर माझं काय राहिलं सांग?"

आणि गाव आणायला त्यांनी काय काय केलं, अरे बाप रे!

सगळ्यात आधी त्यांनी संध्याकाळचा उपदेश बंद केला. पाळकसाहेब म्हणजे नवे तरुण पाळक, भला माणूस, पण बोलायला उभे राहिले की घड्याळ विसरायचे. अक्का त्यांना म्हणाल्या, "साहेब, जेवायला बोलावलेल्या माणसाला पानावर बसवून भाषण ठोकलं तर तो उठणारच." उपदेशाऐवजी अक्का स्वतः दोन गाण्यांच्या मध्ये चार वाक्यांत गोष्ट सांगायच्या. योसेफ आणि मरिया गावात आले, मुक्कामाला जागा नव्हती, पोरगी दिवसांत होती. तिथं आल्या की नर्स जागी व्हायची. "बायांनो, तुम्हीच सांगा, अशा अवस्थेत गाढवावरून प्रवास! कुणी करू द्यावा का?" समोरच्या बायका चुकचुकायच्या. मी वीस प्रकारच्या कीर्तनकारांना माइक लावलेला आहे, पण बायका अशा चुकचुकलेल्या कमी बघितल्या.

मग गळतीचा प्रश्न. लोक दोन गाणी ऐकून उठायचे. अक्कांनी एक वर्ष नुसतं निरीक्षण केलं आणि पुढच्या वर्षी सुरुवातीलाच माइकवर सांगितलं, "गाणी होतील, शेवटी आरती होईल आणि मग प्रसाद." झालं! एकही माणूस हलला नाही. आपल्याकडं आरतीच्या आधी कोण उठतं? लहान पोरांना आया दटावून बसवायला लागल्या, 'थांब रे, आरती व्हायची आहे अजून.' शेवटचं गाणं सगळ्यांनी मेणबत्त्या घेऊन उभ्यानं म्हणायचं, ती त्यांची आरती. केक तो प्रसाद.

पंच कमिटीत ठिणगी पडली. मनोहरमास्तर नावाचे जुने पंच होते, तत्त्वाचा माणूस. ते तावातावानं म्हणाले, "चर्चमध्ये आरती? उद्या नारळ फोडाल!" आणि देवाची करणी बघा, त्याच वर्षी माझी आई नारळ घेऊन आली. आई रोज सकाळी मंदिरात जाणारी पक्की जैन, पण अक्कांनी तिला दवाखान्यात एकदा सांभाळलेलं, तेव्हापासून ती त्यांची भक्त. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं गव्हाणीपुढं नारळ ठेवला, वर कुंकवाचं बोट. मास्तरांचा चेहरा तांबडालाल. मी मिक्सरमागं पार खाली बसून घेतलं. अक्का शांतपणे आल्या, नारळ उचलून पदरात घेतला, आईच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "बाळ जन्मलेल्या घरी कुणी नारळ आणला तर परत पाठवतात का हो मास्तर?" दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्या आमच्या घरी आल्या. मास्तरांच्याही घरी गेल्या. मास्तर वड्या खाऊन गप्प बसले असं अक्का सांगायच्या. मास्तर म्हणायचे, मी वड्या खाल्ल्याच नाहीत.

पण खरी कमाल गाण्याची. सकाळची गाणी जुनी, ग्रंथातली मराठी. अक्कांना संध्याकाळसाठी गावच्या बोलीतलं गाणं हवं होतं. त्या धुळ्याच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या, त्यांना अहिराणी ऐकून समजायची, लिहायला यायची नाही. आबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, 'मी त्या चर्चनं काम करस नही.' म्हणून या बाईनं काय करावं? स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता मुद्दाम चुकीचं गुणगुणायच्या. 'गोठामा दिवा लागी गया...' आबा ओसरीवर पेपर वाचत असायचे. थोडा वेळ सहन करायचे आणि मग ओरडायचे, "लागी गया काय? लागना म्हन, लागना!" अक्का लगेच दुरुस्त करायच्या. असं करत करत आबांच्या तोंडून अख्खं गाणं काढून घेतलं. आबांना कळत होतं की नाही, देव जाणे. मला विचाराल तर पूर्ण कळत होतं.

'गोठामा दिवा लागना वं माय, बठ्ठा गाव जागना वं', असं त्याचं तोंड; बठ्ठा म्हणजे सगळा. चाल जात्यावरच्या ओवीच्या अंगानं जाणारी. पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा मागं उभ्या असलेल्या, शिरपूरकडून भाजी घेऊन येणाऱ्या दोन म्हाताऱ्या कुणी न सांगता पालुपद धरून म्हणायला लागल्या. त्यांना चर्च माहीत नाही, ख्रिस्त माहीत नाही, पण 'वं माय' म्हटल्यावर गप्प कशा राहतील? मी कानातला हेडफोन काढून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा गाणं ऐकायला म्हणून काढला.

कार्यक्रम संपला की अक्का माझ्याकडं यायच्या. लोक अभिनंदन करत असायचे, त्यांचं तिकडं लक्षच नाही. हळूच विचारायच्या, "बाहेर काय चाललं होतं?" बाहेरचा स्पीकर तपासायच्या निमित्तानं मी मध्येच गेटपर्यंत जाऊन यायचो, म्हणजे मी त्यांचा हेरच झालो होतो.

"शेंगा सोलत होते."

"आपलं गाणं चालू असताना सोलत होते, की थांबले होते?"

"अक्का, खरं सांगू का, थांबले होते. पाय हलत होता."

"कोणता पाय?"

"अहो, पाय म्हणजे पाय! मी काय डावा-उजवा बघतो?"

"तालात हलत होता का पण?"

"तालात होता."

एवढ्यावर ती बाई वर्षभर खूश. मला राग यायचा. कधी आबांचा, कधी अक्कांचाही. म्हणायचो, "अक्का, घरात सांगा ना सरळ, चला म्हणून!" त्या म्हणायच्या, "मी म्हटलं तर येतील रे. माझ्यासाठी काहीही करतील. पण मग ते माझ्या शब्दाखातर आले असं होईल. त्यांना कधीतरी स्वतःहून यावंसं वाटलं पाहिजे." मी वायरी गुंडाळायला लागायचो.

एक वर्ष वातावरण जरा बिघडलं. कुणीतरी पोलिसांत तक्रार दिली, की चर्चमध्ये आरतीच्या नावाखाली लोकांना जमवून धर्म बदलवतात. संध्याकाळी एक हवालदार येऊन उभा. पाळकसाहेब घाईघाईनं परवानगीचे कागद शोधायला लागले. मनोहरमास्तर म्हणाले, सांगत होतो मी, गेट बंद ठेवा. आणि अक्का मला म्हणतात, "नरेशभाऊ, हवालदारसाहेबांना खुर्ची दे. पुढची दे, मागून दिसत नाही."

हवालदार आत यायच्या आधी गेटवर थांबला होता. तिथं त्याला स्कूटरवर आबा दिसले. मी बाहेरचा स्पीकर जोडत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. हवालदारानं विचारलं, "काका, तुम्ही कोण? आत का नाही जात?" माणूस साक्रीकडचाच निघाला, बोलीवरून दोघांनी एकमेकांना ओळखलं. आबांनी शेंगांची पुडी खिशात ठेवली, स्कूटरवरून उतरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी तिना नवरा शे. इतला वरीस व्हयनात, तिनी माले बदलं नही. बदल म्हनीसन तोंडवर बी काढं नही. आते तुमले काय लिखनं व्हई ते लिखा."

हवालदारानं काही लिहिलं नाही. तो आत जाऊन पुढच्या खुर्चीवर बसला. गोठ्याच्या गाण्याला त्यानं मांडीवर ताल धरला आणि संपल्यावर खणखणीत आवाजात म्हणाला, "पुन्हा एकदा होऊ द्या!" चर्चमध्ये वन्समोअर देतात का? पण दिला. पुढच्या नाताळला तो साध्या कपड्यांत बायकोपोरं घेऊन आला.

त्या संध्याकाळी मी अक्कांना आबांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. त्या खाली बाकावर बसल्या. म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. "असं म्हणाले? उभे राहून म्हणाले?" मी म्हटलं, उभे राहून. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, आणि माझं मनगट धरून बराच वेळ बसून राहिल्या. नाडी बघत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या.

गेल्या दोनेक वर्षांत अक्का खालावल्या. छातीचा त्रास जुनाच होता, आता दम पुरेना. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. स्वतः नर्स, त्यामुळं डॉक्टरांचं ऐकायचं कशात आणि नाही कशात, ते त्याच ठरवायच्या. मागच्या नाताळला दुकानात आल्या नाहीत, फोनवरच म्हणाल्या, "दरवर्षीसारखंच लाव. यंदा मी हातानंच गाणार." म्हणजे नुसते हातवारे करून गायकवृंद चालवणार. मी म्हटलं, "कबूल?" त्या म्हणाल्या, "कबूल. फक्त गोठ्याचं गाणं मी उचलून देते. पहिलं कडवं. ते यांचं आहे ना."

संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. भिंतीला टेकून माणसं उभी, खिडकीत पोरं. अक्का पुढं खुर्चीवर, अंगावर शाल, पायांत ते बूट. गोष्ट पाळकसाहेबांनी सांगितली, अक्कांनी त्यांच्याकडून घोटून घेतली होती, त्यामुळं आटोपशीर झाली. मग अक्का खुर्चीचा हात धरून उठल्या आणि माइकसमोर आल्या. मी त्यांचा आवाज थोडा वर घेतला, कारण श्वासच बारीक होता. हेडफोनमध्ये तो मला ऐकू येत होता. शिट्टी वाजत होती त्यात, पण ती माइकची नव्हती.

"गोठामा दिवा लागना वं माय," त्यांनी म्हटलं. सूर तसाच, काडीमात्र हललेला नाही. "बठ्ठा गाव..."

आणि आवाज थांबला.

ताणून धरलेला सूर मोडतो तसा नाही. नुसता थांबला. अक्का माइकच्या दांड्याला धरून उभ्या होत्या, तोंड उघडं, श्वास येत नव्हता. हार्मोनियमवाला घाबरून बोटं उचलून बसला. तबला थांबला. गायकवृंदातल्या दोघी पुढं झाल्या, त्यांनी अक्कांना धरून खुर्चीवर बसवलं. मी मिक्सर सोडून उठलो.

मागं दारात गडबड झाली. मी वळून बघितलं. आबा.

डोक्याला माकडटोपी, पायात चपला, हातात पाण्याची बाटली. लोकांना कोपरानं बाजूला सारत सरळ मधल्या वाटेनं निघाले. वेदी बघितली नाही, क्रूस बघितला नाही, गव्हाणीला वळसा घालायचा असतो ते बघितलं नाही, देखाव्यातल्या मेंढरांतूनच गेले, एक मेंढी पाडली. मनोहरमास्तर पहिल्या बाकावरून उठून बाजूला झाले आणि आबांना जागा करून दिली. आबांनी त्यांच्याकडंही बघितलं नाही. अक्कांपुढं गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "काय व्हयनं वं तुले? आवाज कसा बंद व्हयना?"

अक्कांनी शालीतून ते तोंडात घ्यायच्या औषधाचं यंत्र काढलं, दोन झुरके घेतले, पाणी प्यायल्या. हळूहळू छाती वर-खाली व्हायला लागली. मग त्यांनी आबांकडं बघितलं. आबा कुठं बसलेत ते बघितलं. आणि ती बाई, जिला श्वास घेता येत नव्हता, ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत आणि डोळ्यांतून पाणी चाललंय. मला वाटतं, अर्ध्या चर्चला कळलंच नाही काय झालं ते. ज्यांना माहीत होतं ते सगळे रडत होते. मीही रडलो, सांगायला लाज कसली?

पाळकसाहेब दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. अक्कांनी मान हलवली, स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली आणि हातानंच सांगितलं, पुढं चालू करा. आबा उठायला लागले तर त्यांची बाही धरली. "बसा. आरती व्हायची आहे अजून." आबांनी त्यांना धरून मास्तरांच्या रिकाम्या बाकावर आणलं आणि शेजारी बसले. गाणं परत सुरू झालं, आरती झाली, सगळं चर्च मेणबत्त्या घेऊन उभं राहिलं आणि पुढच्या बाकावर दोघंच बसलेली. मध्येच आबा त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. मी नंतर विचारलं तर अक्का म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात पोरं घाई करताहेत म्हणत होते."

लोक पांगले. प्रसाद झाला. मी वायरी गुंडाळत पुढं आलो तेव्हा दोघं अजून बाकावरच होती. मला बघून अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "नरेशभाऊ, देवाशप्पथ, मुद्दाम नाही रे थांबले मी." मी म्हटलं, "माहीत आहे अक्का. श्वास मला ऐकू येत होता." आबा म्हणाले, "मुद्दाम थांबती तरी मी येताच ना." आणि मान दुसरीकडं वळवली.

मग अक्का त्यांना चर्च दाखवायला लागल्या. उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून बोट करून. ही वेदी. तिथं पाळकसाहेब उभे राहतात. ती हार्मोनियम, जुनी आहे पण सूर पक्का. मी इथं उभी राहते, या फरशीवर. लहानपणी आम्ही त्या खिडकीखाली बसायचो. आणि तिथं, त्या पायरीपुढं, लग्नं लागतात.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी त्या पायरीकडं बघितलं. मग वर छताकडं, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग त्यांना खरंच आश्चर्य वाटल्यासारखं म्हणाले, "इतलंसंच शे का वं हाई? माले वाटे, भलतं मोठं व्हई."

अक्कांनी त्यांचा हात हातात घेतला. मी आतले दिवे थोडा वेळ तसेच राहू दिले आणि बाहेर जाऊन गाडी भरायला लागलो.